पाटी देशी, आतला माल कुठला? वॉशिंग मशीनच्या निमित्ताने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ज्या देशाशी व्यापारावरून फाटलंय त्याचा माल घरात आणायचा नाही, शक्यतो सगळं देशीच घ्यायचं, असं तुम्ही महिन्याभरापूर्वी ठरवलं. आता वॉशिंग मशीन घ्यायची वेळ आली आणि गाडं अडलं. वडील म्हणतात बारकोडचे पहिले तीन आकडे बघ. भाऊ म्हणतो आजकाल देशी असं काही उरलेलंच नाही. दुकानदार म्हणतो, आमच्याकडे सगळं देशीच आहे. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, एका घराने घेतलं काय, न घेतलं काय, कुणाला कळतंय?

मी २२ वर्षं घरगुती विजेची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यांच्या खरेदी विभागात काढली. पंख्याच्या स्क्रूपासून मोटरच्या तांब्याच्या तारेपर्यंत काय कुठून आणायचं, हेच काम. त्या काळात दोनदा ‘अमक्या देशाचा माल बंद’ असा हुकूम वरून आला होता. त्यामुळे तुमच्या घरात जे चाललंय ते मी कारखान्याच्या पातळीवर निस्तरून बसले आहे. उत्तर जरा लांबेल.

आधी एक गुंता सोडवू. तुमच्या प्रश्नात तीन इच्छा एकाच दोरीत वळल्या गेल्यात. एक, त्या देशाला आपला पैसा जाऊ नये. दोन, तो इथल्या कामगाराला, कारखान्याला मिळावा. तीन, आयात कर वाढल्यामुळे जी महागाई येणार तिच्यातून आपण सुटावं. ऐकताना तिन्ही सारख्याच वाटतात, पण दुकानात पाऊल टाकलं की तिघींची तोंडं तीन दिशांना. पहिली इच्छा खरी असेल तर तिसऱ्याच देशात बनलेलं मशीन चालेल, ते देशीच असायला हवं असं नाही. दुसरी खरी असेल तर भांडणातल्याच देशाच्या कंपनीचं, पण इथल्या कारखान्यात बनलेलं मशीनसुद्धा चालू शकेल. तिसरी असेल तर देशी माल घेऊनही ती पुरी होईलच असं नाही. ते कसं, हे पुढे सांगते. यातली तुमची पहिली कोणती, हे तुम्ही आणि घरचे बसून ठरवा. ते मी ठरवू शकत नाही, आणि ते ठरल्याशिवाय पुढचं कुठलंच उत्तर धड लागू पडत नाही.

वडिलांच्या बारकोडचा निकाल पटकन लावू. पहिले आकडे एवढंच सांगतात की कंपनीने आपला नंबर जीएस१ या संस्थेच्या कोणत्या देशातल्या शाखेकडून घेतला. ८९० म्हणजे भारतातली शाखा, ६९० ते ६९९ म्हणजे चीनमधली. वस्तू कुठे बनली याच्याशी त्याचा संबंध नाही. एखाद्या कंपनीने आपल्या देशात नंबर घेतला आणि सगळा माल बाहेरून करवून आणला, तरी डब्यावर आपल्याच देशाचे आकडे येणार. उलटही होतं. तेव्हा बारकोड सोडून द्या.

आता लेबल. लेबलाला अर्थ असतो, पण तो अर्थ कायद्याचा असतो आणि प्रत्येक देशाचा कायदा निराळा. अमेरिकेत बिनशर्त ‘मेड इन यूएसए’ लिहायचं तर वस्तू ‘सगळी किंवा जवळजवळ सगळी’ तिथली असावी लागते. कॅनडात दोन पायऱ्या आहेत: खाण्यापिण्याच्या वस्तू सोडल्या तर ‘प्रॉडक्ट ऑफ कॅनडा’ला थेट खर्चाचा किमान ९८ टक्के भाग तिथला लागतो, ‘मेड इन कॅनडा’ला ५१ टक्के पुरतो, मात्र सोबत बाहेरचं काय वापरलं हे लिहावं लागतं. २०२५ मध्ये अमेरिकेशी त्यांचं जुंपलं तेव्हा तिथले लोक हे दोन शब्द वेगळे आहेत म्हणून दुकानात पिशव्या उलट्यापालट्या करून वाचायला लागले होते. स्वित्झर्लंडमध्ये औद्योगिक वस्तूला उत्पादन खर्चाचा ६० टक्के भाग स्विस असावा लागतो, तर खाद्यपदार्थाला कच्च्या मालाच्या वजनाच्या ८० टक्के. म्हणजे एकाच देशात घड्याळाला एक माप आणि चॉकलेटला दुसरं. भारतात सरकारी खरेदीसाठी २०१७ चा आदेश आहे. त्यात ५० टक्के किंवा जास्त स्थानिक मूल्य असलेला पुरवठादार पहिल्या वर्गात, २० ते ५० टक्क्यांतला दुसऱ्या वर्गात. ऑस्ट्रेलियाने मला सगळ्यांत प्रामाणिक वाटलेला मार्ग काढला. २०१८ पासून तिथे पिकलेल्या किंवा बनलेल्या बहुतेक खाद्यपदार्थांच्या पाकिटावर एक आडवी पट्टी छापावी लागते आणि आत किती टक्के घटक तिथले आहेत ते त्या पट्टीत भरून दाखवावं लागतं. हो किंवा नाही असं न विचारता ‘किती’ असं विचारणारं लेबल.

आणि ‘किती’ हा प्रश्नसुद्धा वाटतो तितका साधा नाही. एक प्रसंग सांगते. आमच्याकडे एकदा टेबल फॅनवर ‘देशी’ छापायचं का, यावर विक्रीवाल्यांशी वाद झाला. मी शॉप फ्लोअरवरून एक पंखा मागवला, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि तो सुटा करायला लावला. जाळी, बेस, पाती, रॉड, मोटरची बॉडी, वाइंडिंग, बेअरिंग, कपॅसिटर, वायर, स्विच, स्क्रूंची एक पुडी, आणि शेवटी रिमोटवाल्या मॉडेलमधली अंगठ्याएवढी सर्किटची पट्टी. बीओएम, म्हणजे सुट्या भागांची यादी, समोर ठेवून एकेकापुढे देश लिहीत गेलो. वजन करून पाहिलं तर पंखा जवळजवळ पूर्ण देशी, कारण लोखंड आणि प्लास्टिकच जड. किमतीने पाहिलं तर तो आकडा झपकन खाली आला. आणि ‘हे नसेल तर पंखा फिरणार नाही’ या हिशेबाने पाहिलं तर ती अंगठ्याएवढी पट्टी बाहेरची होती, म्हणजे ग्यानबाची मेख तिथेच. त्यात आणखी एक फाटा फुटला: तांब्याची तार देशी कारखान्यातली, पण तांबं आलं कुठून? प्लास्टिकची पाती इथे ओतलेली, पण दाणा? विक्रीवाले म्हणाले, मॅडम, असं खणत बसलो तर खाणीपर्यंत जाल. खरंच होतं. कुठेतरी थांबावं लागतं, आणि कुठे थांबलो ते प्रामाणिकपणे सांगावं लागतं.

माझी थांबायची जागा अशी: शेवटचं मोठं काम कुठे झालं? सीमाशुल्काच्या नियमांतही साधारण हेच तत्त्व आहे. वस्तूचं रूप आणि उपयोग खऱ्या अर्थाने जिथे शेवटचा बदलला, तो तिचा मूळ देश. नुसतं खोक्यात भरणं, पाटी चिकटवणं, चार स्क्रू पिळणं हे त्यात धरत नाहीत. म्हणून डब्यावर ‘उत्पादक’ कोण ते शोधा. ‘विपणन’, ‘पॅकिंग’, ‘डिझाइन’ हे शब्द उत्पादकाची जागा घेऊन बसले असतील तर उत्पादक दुसरीकडे आहे असं समजा. बऱ्याच देशांत आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता छापणं बंधनकारक असतं, ते बहुधा तळाशी सर्वांत बारीक अक्षरांत सापडतं.

आता तुमचं वॉशिंग मशीन. योगायोग असा की व्यापारी भांडणात घरगुती वस्तूचं नेमकं काय होतं, याचं सर्वांत चांगलं तपासलेलं उदाहरण वॉशिंग मशीनचंच आहे. म्हणून इथे जरा रेंगाळते.

अमेरिकेत २०१२-१३ च्या सुमारास कोरिया आणि मेक्सिकोतून येणाऱ्या मशीनवर डंपिंगविरोधी कर लागला, म्हणजे परदेशी माल अवाजवी स्वस्तात आणून ओतण्याविरुद्धचा कर. करायचं काय, तर कंपन्यांनी उत्पादन चीनला नेलं. मग २०१६-१७ मध्ये चीनमधल्या मशीनवर कर लागला, तशा त्याच कंपन्या थायलंड आणि व्हिएतनामला गेल्या. ब्रँड तेच, मशीनही जवळपास तेच. पाठीमागच्या रेटिंग प्लेटवरचं (मशीनची माहिती छापलेल्या पट्टीवरचं) देशाचं नाव तेवढं बदलत राहिलं. शेवटी २०१८ च्या फेब्रुवारीपासून जवळजवळ सगळ्याच देशांतून येणाऱ्या मोठ्या घरगुती मशीनवर कर लागला: वर्षातल्या पहिल्या १२ लाख नगांवर २० टक्के, त्यापुढच्या नगांवर ५० टक्के. सॅमसंग आणि एलजी या कोरियन कंपन्यांनी २०१७ मध्येच अमेरिकेत कारखाने काढायचं जाहीर केलं होतं, एकीने साउथ कॅरोलायनात आणि दुसरीने टेनेसीत, आणि ते पुढे सुरूही झाले. म्हणजे ज्यांच्या मालाविरुद्ध ही सगळी लढाई, त्यांचंच मशीन आता अमेरिकन कामगाराच्या हातून बाहेर पडू लागलं. ते मशीन देशी की परदेशी?

मला विचाराल तर मी कारखान्याकडे बघते, नावाकडे नाही. मशीन बनवताना पगार, वीज, वाहतूक, आसपासच्या सुट्या भागांचे पुरवठादार असा पैसा कारखान्याच्या गावात फिरतो. मालकाच्या देशात नफा जातो, हे खरं, आणि ज्यांना तेही नको त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण नाव अस्सल देशी, जाहिरातीत झेंडा, आणि माल मात्र तयार बाहेरून आणून फक्त स्वतःची पाटी लावलेला, असे ब्रँड मी ढिगाने पाहिलेत. झेंडा छापायला शाईच लागते.

उलट टोकाचं उदाहरण मोबाइलचं. २००९ च्या आयफोनचा हिशेब अर्थतज्ज्ञांनी मांडला तेव्हा सुट्या भागांसकट खर्च सुमारे १७९ डॉलर निघाला आणि त्यातला चीनमधल्या जोडणीचा वाटा जेमतेम साडेसहा डॉलर. बाकीचे पैसे जपान, कोरिया, जर्मनी, अमेरिका अशा ठिकाणच्या भागांचे. पण आयातीच्या आकडेवारीत तो अख्खा फोन चीनच्या खात्यावर. तेव्हा ‘जोडणी इथे झाली’ हे वाक्य वाचलं की जोडणी हा किती मोठा भाग, हे विचारायचं. वॉशिंग मशीनमध्ये मात्र पत्रा वाकवणं, ड्रम बनवणं, प्लास्टिकचा टब ओतणं ही कामं जड असतात. रिकामा टब जहाजाने आणायचा म्हणजे हवेचं भाडं भरण्यासारखं. त्यामुळे मोठ्या उपकरणांत ‘इथे बनलं’ या शब्दाला फोनपेक्षा जास्त वजन असण्याची शक्यता असते. तुमच्या भावाचं ‘देशी काही उरलंच नाही’ हे फोनच्या बाबतीत बरंचसं खरं, मशीनच्या बाबतीत कमी खरं, आणि साबण, कागद, फर्निचर यांच्या बाबतीत बऱ्याच देशांत साफ चूक.

मी स्वतः कुठे फसले ते सांगायला हवं, नाहीतर हे उंटावरून शेळ्या हाकणं होईल. पहिला हुकूम आला तेव्हा एक छोटा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान सांभाळणारा भाग, आम्ही भांडणातल्या देशातून आणत होतो. महिन्याभरात देशी पर्याय हवा होता. एक व्हेंडर मिळाला. सॅम्पल उत्तम, भाव थोडा चढा, पण देशी म्हटल्यावर तेवढं चालतं असं मीच वरिष्ठांना पटवलं. प्रमाणपत्र सहीशिक्क्यासकट. पहिले दोन लॉट गेले. तिसऱ्या लॉटच्या वेळी तपासणीवाल्या मुलीने एक पिशवी माझ्या टेबलावर आणून ठेवली. वरचं स्टिकर एका कोपऱ्याला सुटलं होतं आणि खाली जुनं स्टिकर होतं. आम्ही आधी ज्याच्याकडून घेत होतो, त्याच परदेशी कंपनीचं. मी दुसऱ्या दिवशी न सांगता त्या व्हेंडरकडे गेले. एक लांब टेबल, नाव छापायचं एक मशीन, आणि भिंतीला लागून खोकी. थर्मोस्टॅट बनवायचं एकही यंत्र नाही. वर आम्ही त्याला मधल्या मध्ये जास्तीचे पैसे देत होतो, ते वेगळंच.

त्यानंतर मी नवीन व्हेंडरकडे प्रमाणपत्राआधी कारखान्याचं वर्षभराचं विजेचं बिल मागायला लागले. जो खरंच बनवतो त्याचं बिल ते ओरडून सांगतं. तुम्ही दुकानात विजेचं बिल मागू शकत नाही, पण त्याच्या जवळपास जाणारा प्रश्न विचारू शकता: याचा सुटा भाग मिळेल का, आणि कुठून येईल? ज्याचा कारखाना इथे आहे त्याच्याकडे पंप, बेल्ट, दाराचं रबर हे सहसा साठ्यात असतं. ज्याने तयार माल कंटेनर भरून आणलाय तो ‘कंपनीला कळवावं लागेल’ म्हणतो. दुसरी खूण डोळ्यांची. एकच बॉडी, एकसारखी बटणं, तोच डायल आणि चार ब्रँडची चार नावं दिसली तर चौघंही एकाच ठिकाणाहून उचलतायत, आणि ती जागा बहुतेक वेळा दूर असते. ही खूण दरवेळी बरोबर येईलच असं नाही. देशातलाच एखादा कारखानाही चौघांना माल देत असतो. पण प्रश्न विचारायला तेवढं निमित्त पुरे.

आता तिसरी इच्छा, महागाईतून सुटण्याची. इथे वाईट बातमी आहे. २०१८ चा कर लागल्यावर अमेरिकेत वॉशिंग मशीनच्या किमती सुमारे १२ टक्क्यांनी वाढल्या असं अर्थतज्ज्ञांनी तपासून दाखवलं. आणि ही वाढ देशी कंपन्यांच्या मशीनचीही होती. कारण सोपं आहे. शेजारचा परदेशी माल महागला की देशी उत्पादकाला स्वस्त राहायचं कारण उरत नाही. तोही दर चढवतो आणि जास्तीचा पैसा स्वतःकडे ठेवतो. त्याहून मजेशीर, म्हणजे ग्राहकाला अजिबात मजेशीर नाही, अशी गोष्ट ड्रायरची. कपडे वाळवायच्या ड्रायरवर कर नव्हताच, तरी तोही जवळपास तेवढाच महागला. तिथे मशीन आणि ड्रायर जोडीने विकले जातात, म्हणून कंपन्यांनी वाढ दोघांत वाटून टाकली. नवीन नोकऱ्या साधारण १,८०० तयार झाल्या, आणि ग्राहकांनी मोजलेला जादा पैसा त्यांवर वाटला तर एका नोकरीमागे ८ लाख डॉलरच्या वर खर्च पडला.

याचा अर्थ देशी घेऊ नका असा नाही. देशी घेतलं म्हणजे झळ लागणार नाही हा हिशेब चुकीचा, एवढाच. तुम्ही थोडं जास्त मोजणार हे धरून चाला, आणि कशासाठी मोजतोय ते आधी ठरवा. आमच्याकडे खरेदीत मी एक आकडा मनाशी ठेवायचे: अमुक टक्क्यांपर्यंत जादा दर देशी पुरवठादाराला देईन, त्यापुढे नाही. घरालाही असा आकडा असावा. तो किती, हे तुमच्या कमाईवर आहे आणि त्यात कुणी कुणाला लाजवू नये. महिन्याची ओढाताण असलेल्या घराने स्वस्त आयात वस्तू घेतली म्हणून त्याचं देशप्रेम कमी भरत नाही.

खरं सांगायचं तर तुम्ही तुमची सगळी शक्ती वॉशिंग मशीनवर लावताय ते मला थोडं चुकीच्या जागी वाटतं. मशीन दहा-बारा वर्षांतून एकदा घेतलं जातं. साबण, डिटर्जंट, कागद, वह्या, चपला, कपडे, बादल्या, झाडू हे दर महिन्याला किंवा दर हंगामाला घेता. तिथे देशी पर्याय सहसा मुबलक असतो, कच्चा मालही पुष्कळदा जवळचा, आणि एका वस्तूत माणसाच्या हाताचं काम जास्त. मी घर चालवताना हाच क्रम लावते: वारंवार लागणारं आधी, सहज बदलता येणारं आधी, हातकामाचं आधी. काही गोष्टी मात्र मी या यादीतून पूर्ण बाहेर ठेवते. चालू असलेलं औषध, श्रवणयंत्र, गाडीचे ब्रेक, हेल्मेट, लहान मुलाची कार सीट. डॉक्टरांनी ठरवलेलं औषध व्यापारी भांडणासाठी बदलायचं नाही. तशीही ‘देशी’ गोळीच्या आतली मूळ द्रव्यं पुष्कळदा बाहेरून आलेली असतात, त्यामुळे तो बदल कागदावरच राहतो.

आणि घरात जे आहे ते फेकू नका. त्याचे पैसे त्या देशाला केव्हाच पोचले. दुकानात भांडणाआधी येऊन पडलेल्या मालाचंही तसंच आहे. तो दुकानदाराने रोख मोजून उचललेला असतो. त्याच्याकडे पाठ फिरवून आपण परदेशी कंपनीला धडा शिकवत नाही, वड्याचं तेल वांग्यावर काढतो. फरक पडतो तो पुढच्या ऑर्डरला.

इथून तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते: एका घराने काय होतं? मोठ्या दुकानसाखळ्यांत माल उचलणारा माणूस दर आठवड्याला एक तक्ता बघतो, कुठला माल शेल्फवरून किती वेगाने हलतोय. मी अशा लोकांशी वर्षानुवर्षं भाव केलेत. त्यांना भाषणं ऐकू येत नाहीत, पण एखाद्या मालाचा वेग चार आठवडे मंदावला की ते शेल्फवरची जागा कमी करतात, आणि जागा कमी झाली की पुढची ऑर्डर कमी होते. तुमचं घर त्या आकड्यातला एक दाणा आहे, पण तो मोजला जातो. डेन्मार्कमध्ये २०२५ च्या सुरुवातीला तिथल्या एका सर्वांत मोठ्या किराणा समूहाने युरोपीय ब्रँडच्या किमतीच्या पट्टीवर काळी चांदणी लावायला सुरुवात केली. लोक विचारत होते म्हणून. कॅनडात त्याच वर्षी मार्चमध्ये बऱ्याच प्रांतांच्या सरकारी मद्य दुकानांनी अमेरिकन बाटल्या फळीवरून उतरवल्या. तिथे कर किती वाढला हा प्रश्नच उरला नाही, माल दिसेनासाच झाला.

पण हे एका बाजूने झालं, दुसरी बाजू उत्पादकाची. मागणी वाढली की देशी कारखानदार लगेच क्षमता वाढवेल असं आपल्याला वाटतं. तो वाढवत नाही. मी अशा कारखानदारांसमोर बसले आहे. त्यांचा पहिला प्रश्न असायचा, “किती दिवस?” टबसाठी नवा मोल्ड, म्हणजे साचा, करायचा तर खर्च मोठा, तयार व्हायला काही महिने, आणि वसूल व्हायला काही वर्षं. भांडण सहा महिन्यांत मिटलं आणि लोक परत जुन्या ब्रँडकडे गेले तर मोल्ड त्याच्या गळ्यात. दुसऱ्या हुकुमाच्या वेळी एका पुरवठादाराने मला सरळ सांगितलं की मला तुमचं प्रेम नको, तीन वर्षांचा करार द्या. तो बरोबर होता. आम्ही दोन वर्षांचा दिला, त्याने डाय (साचा) केली, आणि भांडण संपल्यावरही तो भाग आमच्याकडे त्याच्याचकडून येत राहिला. शंभर वर्षांपूर्वीच्या स्वदेशीतही हे ओळखणारे लोक होते. परदेशी कापडाच्या होळ्या सगळ्यांच्या लक्षात आहेत, पण त्याच काळात माणशी एक पैसा गोळा करून पैसा फंड उभा राहिला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. नको म्हणणारे आणि बनवणारे, दोन्ही लागतात, आणि बनवणाऱ्याला वेळ लागतो.

त्यामुळे महिनाभर शंभर टक्के देशी आणि नंतर विसरून गेलो, यापेक्षा पाच-सहा वस्तू ठरवून त्या कायमच्या देशी करणं कारखान्याच्या दृष्टीने कितीतरी मोलाचं. शिवाय ही भांडणं आपण समजतो तशी संपतही नाहीत. युरोपने अमेरिकन कोंबडीवर कर वाढवला म्हणून रागाने अमेरिकेने आयात हलक्या ट्रकवर २५ टक्के कर लावला, तो १९६४ पासून. कोंबडीचं भांडण लोक विसरले, ट्रकवरचा कर अजून आहे.

एक गंमत लेबलाची राहिली. ब्रिटनने १८८७ मध्ये कायदा करून परदेशी मालावर देशाचं नाव लिहिणं सक्तीचं केलं, रोख मुख्यतः जर्मन मालावर होता. हलका माल ओळखू यावा आणि लोकांनी टाळावा हा हेतू. पुढे काही वर्षांत ‘मेड इन जर्मनी’ बघून लोक माल मागायला लागले. म्हणून देशी पर्याय निवडताना दर्जाकडे डोळेझाक करू नका. खराब देशी मशीन दोन वर्षांत भंगारात गेलं तर तुम्ही पुढचं परदेशी घ्याल, आणि शेजाऱ्यालाही तेच सांगाल.

तर तुमच्यापुरतं. बारकोड विसरा. भावाला सांगा की प्रश्न देशी आहे की नाही असा नसून किती आहे असा आहे. मशीनच्या बाबतीत आधी तुमच्या तीन इच्छांचा क्रम लावा. त्या देशाला पैसा नको एवढंच असेल तर तुमची निवड खूप मोकळी आहे, फक्त नाव बदलून तिसऱ्या देशातून आलेलं तेच मशीन तर नाही ना, एवढं बघा. इथल्या कारखान्याला पैसा जावा असं असेल तर ब्रँड कुठला हे बाजूला ठेवून दुकानदाराला मशीन भिंतीपासून पुढे ओढायला लावा आणि मागची रेटिंग प्लेट स्वतः वाचा. खोक्यावरचं आणि प्लेटवरचं नाव जुळतंय का ते पाहा. मग ड्रेन पंप आणि दाराच्या रबराचा भाव विचारा आणि ते किती दिवसांत मिळेल हे बिलाच्या मागे लिहून मागा. दुकानदार तिथे अडखळला तर दुसऱ्या मॉडेलकडे वळा. आणि जुनं मशीन अजून चालत असेल, नुसतं आवाज करत असेल, तर नवीन घ्यायच्या आधी एकदा त्याचं बेअरिंग बदलून बघा.